दादाचा हात कानाला पोचला

माझा मोठा भाऊ आईअण्णांच्या लग्नाआधी जन्मला. दचकू नका, फक्त कागदावर. प्रत्यक्षात तो लग्नानंतर रीतसर, मंद्रूपला आईच्या माहेरी जन्मला. त्या दिवशी गावात बाजार होता म्हणून सुईण उशिरा आली, हेही आई शेवटपर्यंत तावातावाने सांगायची. पण कागदापुढे आईचं काही चाललं नाही. ह्या एका कागदापायी देशाचा युवक फुटबॉल संघ एका उत्तम गोलकीपरला मुकला, असं माझं ठाम मत आहे. संघाला ते अजून माहीत नाही, एवढंच.

झालं असं, की मी जन्मले तेव्हा दादा चार वर्षांचा होता आणि त्याने घरात उच्छाद मांडला होता. सोलापुरात गिरणीच्या चाळीतली आमची एकच खोली. अण्णा गिरणीत, आई माझ्यात गुंतलेली. दादा हाताला लागेल ते वर फेकायचा आणि झेलायचा. पेला, पोळपाटाचं लाटणं, अण्णांची चप्पल. एकदा म्हणे मलाही फेकलं होतं. झेललं म्हणून तर हे लिहायला मी शिल्लक आहे. त्या दिवशी आईने अण्णांना निक्षून सांगितलं, "ह्याला शाळंत टाका, न्हायतर मी म्हायेरी जाते."

त्या काळी जन्मदाखले कुणाकडे असायचे? शाळेत घालताना पोराचं वय बघायची एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली, तर पोर सहा वर्षांचं. नाही पोचली, तर घरी जा, भाकरी खा, पुढच्या वर्षी या. आणि सहा पूर्ण ठरलं, की जन्मतारीख एक जून. आमच्या वर्गात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी होता आणि तो कुणीच साजरा करत नव्हतं.

दादाचे हात उपजतच लांब. मुख्याध्यापक गुरुजींनी "कान धर" म्हटल्यावर त्याने नुसता धरला नाही, धरून पिळला. अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले, "गुरुजी, पोरगं चारच वर्सांचं हाय."

गुरुजींना पहिलीचा पट भरायचा होता. ते म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं, की त्याच्या हाताला?"

शिकलेल्या माणसाशी वाद घालायची अण्णांना सवय नव्हती, आणि पोरगं दोन वर्षं आधी शिकून आधी कामाला लागेल हा हिशेबही त्यांना वाईट वाटला नसावा. गुरुजींनी वय सहा लावलं, एक जून तारीख घातली आणि खऱ्यापेक्षा दोन वर्षं मागचं साल लिहिलं. त्या साली आई अजून मंद्रूपला परकर-पोलक्यात शेळ्या राखत होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शाळेत दादाने काय दिवे लावले ते सोडून देऊ. मॅट्रिकला गणिताने त्याला दोनदा अडवला. पण गिरणीमागच्या मैदानावर त्याला कुणी अडवू शकत नव्हतं, कारण अडवायचं काम त्याचंच होतं. ह्या मैदानाचे मालक म्हणजे चाचा. म्हणजे मैदान गिरणीचं, पण कोपऱ्यात चाचांचं सायकलचं दुकान, आणि फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप त्यांचा. त्यामुळे कोण खेळणार, कुठे खेळणार, हे तेच ठरवायचे. त्यांनी दादाचे हात एकदा पाहिले आणि त्याला सरळ दोन दगडांच्या मध्ये नेऊन उभा केला. "मियाँ, तुम भागो नक्को," ते म्हणाले, "तुम खाली हात खोलो. आधा गोल तो ऐसेइच बंद हय."

दादाचा गोलकीपरचा सदरा आईने शिवला होता, चादरीच्या तुकड्याचा. शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं, त्यांच्या मागावर विणताना बिघडलेला तुकडा त्यांनी प्रेमाने दिला. त्यावर मोर होता, पण तुकडा अपुरा पडल्याने दादाच्या पाठीवर मोराचा फक्त पिसारा आला आणि मान गेली काखेत. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात चादर अंगात घालून उभा राहणारा दुसरा गोलकीपर जगात झाला नसेल. दादा घामाने निथळायचा, पण सदरा काढायचा नाही. चेंडू छातीवर बसला तरी लागत नाही, म्हणायचा.

आणि मग चौऱ्याहत्तर साल आलं. रेडिओवर बातम्यांच्या शेवटी एक वाक्य आलं, की आशियाई युवक फुटबॉल स्पर्धेत भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले. अंतिम सामना बरोबरीत सुटला होता. एवढंच वाक्य. पुढे लगेच हवामान.

त्या एका वाक्यावर आमची चाळ महिनाभर जगली. मोठ्या माणसांचा संघ हरतो-जिंकतो, त्याचं आम्हाला काही नव्हतं. पण हे जिंकले ते विशीच्या आतले, दादाच्या बरोबरीचे. चाचा तर रोज संध्याकाळी दुकानापुढे बसून युवक संघाचा इतिहास सांगू लागले. आधीच्या सालांत आपली पोरं कुणाकडून हरली, का हरली, कोणाचा बूट फाटला. हे सगळं ते दर वेळी वेगळं सांगायचे. काल ब्रह्मदेशाने हरवलेलं आज कोरियाने हरवलेलं असायचं. कुणी टोकलं की म्हणायचे, "मैं वहाँ था, के तू?" ते कुर्डुवाडीच्या पुढे कधी गेले नव्हते, पण आम्हीही गेलो नव्हतो, त्यामुळे वाद मिटायचा.

खरा वाद होता कपाचा. जिंकले दोघं आणि कप एक, मग तो गेला कुणाच्या घरी? चाचा म्हणाले, "आधा उनका, आधा हमारा. पन कप तो एकीच हय ना!" ह्यावर चाळीत गट पडले. शेवटी आईने भाकरी थापता थापता निकाल दिला. "त्यात काय एवढं? सा म्हयने सासरी, सा म्हयने म्हायेरी." चाचांना हे इतकं पटलं, की पुढे ते हेच अधिकृत म्हणून सांगू लागले.

दादा ह्या चर्चांत बोलायचा नाही. तो ऐकायचा आणि दगडांच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. एक दिवस त्याने अण्णांना सांगितलं, की पुढच्या वर्षी सोलापुरात निवड चाचणी आहे. त्यात नाव लागलं तर पुण्याला शिबिर, तिथून राज्याचा कुमार संघ, आणि तिथून तो वरचा, रेडिओतला.

अण्णांनी त्याच्यासाठी गिरणीत शब्द टाकून ठेवला होता. बदली कामगार म्हणून लागायचं, कुणी गैरहजर असेल त्या दिवशी काम, नसेल त्या दिवशी फाटकावरून परत. अण्णा विडी विझवत म्हणाले, "शिबिराला नाव लागलं तर एक वरीस खेळ. मी काय बोलणार न्हाय. न्हाय लागलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं फाटकावर." दादाने मान डोलावली. ह्या एका वाक्यावर त्याचं सगळं आयुष्य टांगलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. देवाला मी कधी काही मागत नसे, पण तेव्हा मागितलं. नवस मात्र बोलले नाही, कारण फेडायला माझ्याकडे काही नव्हतं.

चाचणीच्या दिवशी आई आणि मी डबा घेऊन मोठ्या मैदानावर गेलो. आई आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघत होती. दादाच्या अंगावर चेंडू सुटला की ती "आगं बया!" म्हणून डोळे मिटायची, आणि त्याने झेलला की शेजारच्या अनोळखी बायाबाप्यांना सांगायची, "माजा हाय त्यो. मोरवाला." दादाने त्या दिवशी काय काय अडवलं ते मी सांगत बसत नाही. बहिणीचं सांगणं म्हणून तुम्ही निम्मं वजा कराल, आणि उरेल तेही खोटं वाटेल. पुण्याहून आलेले साहेब शेवटी स्वतः चेंडू घेऊन आले, पेनल्टीच्या जागी ठेवला आणि मारला. दादाने तो एका हाताने बाहेर ढकलला. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "बाळ, हे हात तुला कुणी दिले?"

"हिनं," दादा म्हणाला आणि आईकडे बोट दाखवलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की मी आईचा डबा उघडून शेंगाचटणीचा गोळाच तोंडात टाकला.

मग पोरं रांगेत उभी राहिली, शाळा सोडल्याचे दाखले घेऊन. साहेब एकेक बघू लागले. पहिला, एक जून. दुसरा, एक जून. तिसरा, एक जून. साहेबांनी वर पाहिलं. "या गावात बाकीच्या दिवशी सुट्टी असते का रे, जन्माला यायला?" पोरं हसली. दादाचा दाखला हातात आला तेव्हाही साहेब हसतच होते. मग त्यांनी साल वाचलं. परत वाचलं. चेहरा उतरला.

"अरे," ते हळू आवाजात म्हणाले, "नियमाप्रमाणे तू गेल्याच वर्षी म्हातारा झालास."

दादाला काही कळेना. साहेबांनी दाखल्यावरचं साल मोठ्याने वाचून दाखवलं. आणि इथे आमची आई, जिला दोन आणि दोन बोटांवर मोजावे लागायचे, ताडकन उभी राहिली.

"काय म्हनलासा? कंचं साल?"

साहेबांनी परत सांगितलं.

"आवो त्या साली माजं लगीन बी झालं न्हवतं की!"

मैदानावर असा काही हशा उठला की विचारू नका. बरं, आपण काय बोलून गेलो हे आईला हशा ऐकल्यावर कळलं. दुसरी एखादी बाई लाजून पदरात तोंड लपवून निघून गेली असती. आईला राग आला. तिचा राग नाकाच्या शेंड्यावरच असायचा, तिथून तो माझ्याकडे वारशाने आलाय. "हसताय काय?" ती कडाडली. "थांबा हितंच. कुनी हलायचं न्हाय." आणि ती चालू लागली. मी मागे धावले. ती तरातरा चाळीत गेली, भिंतीवरचा लग्नाचा फोटो चौकटीसकट काढला, पदराने पुसला, आणि त्याच पावली परत आली. साहेब खरंच थांबले होते. मला वाटतं, त्यांच्या नोकरीत इतकं मनोरंजन त्यांना पूर्वी झालं नसावं.

आईने चौकट त्यांच्यापुढे धरली. "ह्यो माज्या लग्नातला फोटू. ह्यो मालक, ही मी. तुमचा कागद म्हनतोय, तवा माजा पोरगा वर्साचा व्हता. दावा बरं, हाय का कुटं?"

साहेबांनी चष्मा लावला. फोटोत अण्णा बाशिंगासकट ताठ उभे होते, आई मान खाली घालून बसली होती, आणि आईच्या मांडीवर ठिय्या मारून, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून, एक पोर बसलं होतं. साहेबांनी त्या पोरावर हलकेच बोट ठेवलं.

"हा कोण?"

आईने चौकट स्वतःकडे वळवली. कोणत्याही लग्नाच्या फोटोत कुणाचं तरी पोर मध्ये घुसलेलंच असतं, ते रोज भिंतीवर बघून आम्हाला दिसेनासं झालं होतं. "आवो, त्यो माज्या जावंचा हाय!" ती ओरडली. "वाईच मांडीवर बसला हुता!" आणखी घोळ म्हणजे त्या पोराचेही हात लांब होते. आमच्या अण्णांच्या घराण्यातच तसे आहेत. पोरं गवतावर लोळायला लागली. चाचा एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. दादासुद्धा हसला, खोटं कशाला बोलू. साहेब तर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मग त्यांनी चौकट अदबीने आईच्या हातात परत दिली. "बाई, तुमचं खरं आहे, मला शंका नाही. असा गोलकीपर मी पुण्यातही पाहिला नाही. पण माझ्या वरचे तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांना कागद लागतो. साल बदलून आणा, मी चार दिवस नाव मोकळं ठेवतो."

आम्ही तिघं तिथून थेट शाळेत गेलो, चौकट काखेत घेऊन. गुरुजी आता बरेच थकले होते, पण खुर्ची तीच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण कान पकडला होता की त्याने. मला चांगलं आठवतंय, पिळला होता."

"त्याचे हातच लांब हायती!" आई म्हणाली.

"तेच म्हणतो मी. हात लांब म्हणजे वय जास्त."

"गुरुजी, मग तुमचं नाक लांब हाय, तुमचं वय किती धरू?"

गुरुजींना ते आवडलं नाही. ते म्हणाले, की मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत गेलेली तारीख आता त्यांना काय, त्यांच्या वरच्यांनाही बदलता येत नाही. त्यांचं चुकलं असं ते म्हणाले नाहीत, पण दादाच्या हातांकडे पाहत राहिले. दादाने दोन्ही हात मागे बांधले होते. ज्या हातांनी त्याला दोन दगडांच्या मध्ये उभं केलं, त्याच हातांनी त्याला बाहेर काढलं होतं, आणि हे आम्हा तिघांना त्या खोलीत एकदमच कळलं असावं. कारण आई एकाएकी भांडायची थांबली. येताना ती वाटभर रडली. मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून घरी आल्यावर मी फोटोतल्या त्या चुलतभावाला दात-ओठ खाऊन पाहून घेतलं.

बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दादा अण्णांबरोबर फाटकावर उभा राहिला. चादरीचा सदरा आईने घडी करून ट्रंकेत ठेवला. पुढे देशाच्या युवक संघाला ते आशियाई अजिंक्यपद पुन्हा मिळालं नाही. जाणकार त्याची बरीच कारणं सांगतात. मला कुणी विचारत नाही.

दादा चिडला नाही, ओरडला नाही, हेच आम्हाला जड गेलं. फाटकावरून परत पाठवलं, की तो दिवसभर आमच्या धाकट्याला घेऊन बसायचा. धाकटा म्हणजे घरातलं शेंडेफळ, तेव्हा साडेचार वर्षांचा आणि दादापेक्षा दुप्पट वांड. त्याचेही हात लांब, हे आता सांगायला नकोच. जून जवळ आला तशी आई म्हणू लागली, ह्याला शाळंत टाका, न्हायतर मी म्हायेरी जाते. आणि मे महिनाभर दादा त्याला खोलीच्या कोपऱ्यात उभा करून काहीतरी शिकवत होता. मला वाटलं पाढे. जाऊन बघते तर दादा म्हणत होता, "खांदा दाब. कोपर वाकव. मान जरा तिकडं. आता दात खा, लई जोर लावतोयस असं दाव. हां. आन् हितंच थांबायचं. कानाच्या एक बोट अलीकडं." धाकटा चेहरा लालबुंद करून कण्हत होता. इतकं सुंदर खोटं कण्हणं मी पुन्हा ऐकलं नाही.

शाळेत त्याला दादाच घेऊन गेला. मला ही मजा चुकवायची नव्हती, मीही गेले. गुरुजी खुर्चीत, टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, नव्या पोरांसाठी.

"कान धर," गुरुजी म्हणाले.

धाकट्याने हात डोक्यावरून नेला. खांदा दाबला, कोपर वाकवलं, दात खाल्ले, कण्हला. बोटं कानाच्या एक बोट अलीकडे थांबली.

"जोर लाव."

तो आणखी कण्हला. मला हसू आवरेना, मी खिडकीबाहेर बघू लागले. गुरुजींनी दादाकडे पाहिलं. दादा छताकडे पाहत होता. गुरुजींनी सावकाश बरणी उघडली, एक गोळी काढली आणि "हे घे" म्हणून उंच, पार धाकट्याच्या डोक्यावरून फेकली.

हात सर्रकन वर गेला. पुरता, लांबच्या लांब, कोपर-बिपर सगळं विसरून. गोळी हवेतच झेलली गेली.

धाकट्याला काय झालं ते कळलं आणि त्याने हळूच कोपर पुन्हा वाकवलं, पण आता त्याला काही अर्थ नव्हता. दादाचा चेहरा चाचणीच्या दिवशी झाला होता तसा झाला. गुरुजी त्या हाताकडे बघत होते, मग दादाच्या हातांकडे, मग परत त्या हाताकडे. टेबलावरचं पेन त्यांनी उचललं, त्याला टोपण लावलं आणि खिशात अडकवलं.

"हात आखूड आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आणा."

शाळेच्या फाटकाशी आल्यावर धाकट्याने गोळी गालात सारली, हात डोक्यावरून नेला आणि आरामात पलीकडचा कान धरून खाजवला. दादाने त्याच्या हातावर चापट मारली. "शाळंसमोर न्हाय रं, येड्या!" आणि तो हसायला लागला. मोठ्याने, रस्त्यात उभा राहून, कितीतरी दिवसांनी. धाकट्याला खांद्यावर घेऊन तो म्हणाला, "ह्याचं साल खरं लागंल. ह्यो खेळंल बघ." धाकटा पुढे कॅरमच्या बोर्डाशिवाय कशालाही शिवला नाही, पण ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. दादाने धाकट्याला खाली उतरवून त्याचा हात माझ्या हातात दिला आणि फाटकावर नंबर लागावा म्हणून तो पळत सुटला.